सासूबाईंचा आवाज

धाकटी जाऊ नकला करण्यात पटाईत होती, आणि थोरलीचं निम्मं आयुष्य त्या नकलांना हसण्यात गेलं होतं. सासूबाई जाऊन वर्षं लोटली, तरी त्यांचा आवाज काही घर सोडत नव्हता. घोगरा, खरवडल्यासारखा. धाकटी तो असा काढायची की थोरली दचकून उठून उभी राहायची.

तीच धाकटी आता जळिताच्या वॉर्डात जाळीखाली पडली होती. लाकडाला पॉलिश करायच्या खोलीत स्पिरिटचा डबा पेटला आणि नेमकं दार अडकलं. हात आणि छाती भाजली होती. चेहरा मात्र नुसता लालावला होता. त्या काळी घरच्या एका माणसाला खाटेशी बसू देत. थोरली बसली.

डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन समजावलं होतं. वय कमी, भाजलेला भाग बेताचा, वेळेवर आणलंत, सलाइन सुरू झालं. या सगळ्या जमेच्या बाजू. पण आग बंद खोलीतली, नाकात काजळी दिसते आहे. धूर आत गेला असेल तर घसा सुजत जाईल आणि श्वासाची वाट बंद होईल. त्याआधी नळी घालता आली पाहिजे.

"आवाज बदलला की लगेच हाक मारा. वाट बघू नका."

थोरलीनं मान डोलावली. हे काम तर तिला झोपेतही जमलं असतं. धाकटीच्या आवाजाशेजारी तिनं संसार केला होता.

धाकटीची बडबड चालूच होती. छातीचं फारसं दुखत नाही म्हणाली, तसा थोरलीचा जीव भांड्यात पडला. खोल भाजलेलं दुखत नाही, हे तिला कुठून ठाऊक असणार?

मग धाकटीनं सासूबाई काढल्या. थोरले, बसलीस काय नुसती, दूध उतू चाललंय तिकडे. थोरलीनं तोंडावर हात दाबला. शेजारच्या खाटेवरची म्हातारीसुद्धा हसली. पुढे नवरा कुठवर आला, पोरीनं काही खाल्लं का, घोटभर पाणी मिळेल का, सगळं त्याच घोगऱ्या आवाजात. थोरली दर वेळी "हो सासूबाई" म्हणत होती.

"पुरे गं आता," ती शेवटी म्हणाली. "नीट बोल. भाऊजी येतील एवढ्यात."

धाकटीनं मान ताणून श्वास घेतला. त्यात शिट्टीसारखा बारीक सूर होता.

"ताई, मी मघापासून नीटच बोलतेय."

थोरली धावली. माणसं आली, पडदा ओढला गेला. जरा वेळानं नर्सनं डोकं बाहेर काढून विचारलं, आवाज कधीपासून बदललाय?

थोरलीनं आठवून पाहिलं. दुधाचं बोलली ती नक्कलच होती. पोरीचं विचारलं, तेव्हा? पाणी मागितलं, तेव्हा?

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी हसत होते."

पडद्याआड डॉक्टरीणबाईंनी नळी मागितली. थोड्या वेळानं तिच्याहून बारीक मागितली. मग त्याहूनही बारीक.