दुखायचं थांबलं

"बाबा, दुखायचं थांबलं," मुलगी म्हणाली, आणि सकाळपासून जीव मुठीत धरून बसलेले मामा पहिल्यांदाच मोकळे झाले.

मामा शाळेची बस चालवत. बसमधली पोरं त्यांना मामा म्हणत, म्हणून पोरांचे आईबापही मामाच म्हणू लागले. बायको गेल्यापासून घरात ते आणि ही एकुलती लेक. पहाटे तिच्या पोटात उजवीकडे कळ उठली, तसं त्यांनी तिला थेट इस्पितळात आणलं. अपेंडिक्स सुजलंय, आजच काढायला हवं, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलंही. पण तेवढ्यात अपघातातली माणसं आली आणि डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये गेले, ते दुपार कलली तरी बाहेर नाहीत. त्यांच्या जोडीचे सर्जन नोकरी सोडून गेले होते. त्यांच्या जागी कुणी आलंच नव्हतं.

"बघ, ऑपरेशनच्या नुसत्या नावाने पळालं दुखणं," म्हणत मामांनी लेकीला हसवलं आणि ही चांगली बातमी द्यायला ते सिस्टरकडे गेले. कापाकापी टळेल, अशी आशाही होती.

सिस्टर सलाइनची बाटली बदलत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"एकदम थांबलं?"

"एकदम. आत्ताच."

ती खाटेशी आली. पोटावर तळहात दाबला आणि उचलला, तशी मुलगी कळवळली. सिस्टरने मामांना व्हरांड्यात नेऊन हळू आवाजात सांगितलं, की अपेंडिक्स बहुतेक आत फुटलंय. फुटल्यावर घटकाभर बरं वाटतं, मग विष पसरतं. दुसरीकडे नेऊ का, त्यांनी विचारलं. रस्ता लांबचा, वाटेत काही झालं तर हाताशी कुणी नाही, असं ती म्हणाली. मग थिएटरमध्ये जाऊन आली.

"हातातलं संपलं की आधी हिलाच घेतील."

ते कधी संपेल, हे विचारायचं मामांना धाडस झालं नाही. ते बंद दाराकडे बघत बसले. आतल्या माणसाचं लवकर आटपावं, असं त्यांच्या मनात आलं. मग त्याचा दुसरा अर्थही ध्यानात आला आणि त्यांनी दारावरची नजर काढून घेतली.

संध्याकाळी मुलीला आत नेलं, तेव्हा ती तापाने बरळत होती, बापाला ओळखत नव्हती. पोटात सगळीकडे पू पसरला होता. आठवड्याने पोट पुन्हा उघडावं लागलं. ती वाचली, पण उठली ती म्हातारीसारखी भिंत धरून, कमरेत वाकून.

घरी न्यायच्या दिवशी ती कपडे बदलत होती आणि मामा बाहेर बाकावर बसले होते. एका वयस्क माणसाला स्ट्रेचरवरून आणलं. तो उजवी कूस दाबून कण्हत होता. त्याची बायको कावरीबावरी होऊन मामांजवळ आली.

"इथले डॉक्टर चांगले आहेत ना हो?"

"चांगले आहेत," मामा म्हणाले. "फार चांगले आहेत."

थिएटरच्या दारावर लाल दिवा लागलेला होता; डॉक्टर आत दुसऱ्या कुणाच्या ऑपरेशनमध्ये होते. मामांनी तो पाहिला, आणि बाकावर सरकून तिला जागा करून दिली.