लेफचा एप्रन

आमच्या तांड्यात माणसं अकरा, घोडी साठ, गुरं दोन हजारांवर आणि एप्रन एक. घोडी राखायचं काम माझं, म्हणून मोजायची खोड. पण त्या एप्रनवरचे डाग मलाही कधी मोजता आले नाहीत. टेक्सासातून गुरं हाकत उत्तरेला निघाल्यापासून तो पाण्याला शिवला नव्हता. कणीक वाळून इतका ताठ झालेला, की आमचा आचारी लेफ ग्रिग्ज त्याला गाडीच्या चाकाशी उभा करून ठेवी.

पहाटे आम्ही डोळे चोळतोय तोवर लेफच्या बिडाच्या भांड्यात पाव फुगलेले असत. बाकीचे गुराखी सहा-सहा खात, डोल्फ एकटा नऊ. आणि वर तोच लेफला बोले.

"आजीबाई, हा एप्रन उकळलास तर सगळ्यांना पुरेल एवढं सूप होईल."

"होईल की. तुला नाही वाढणार."

रेड नदी फुगलेली होती. लेफने स्वयंपाकाच्या गाडीला दोन्ही बाजूंनी ओंडके बांधले, म्हणजे ती तरंगेल. आंबट पिठाचं लहानसं पिंप बैठकीवर शेजारी घेतलं. ते आमच्या पावांचं विरजण. थंडीत लेफ ते घोंगडीत घेऊन झोपे. मग एप्रन डोक्याला गुंडाळून त्यावर टोपी चढवली. डोल्फ हसता हसता घोड्यावरून पडायचा बाकी होता.

मध्यावर एक वाहतं झाड गाडीवर आदळलं. गाडी तगली, पिंप गेलं.

त्या दिवशी तव्यावरच्या चपट्या भाकऱ्या मिळाल्या. दोघांचे दात दुखले, चौघं मागून येणाऱ्या दुसऱ्या तांड्यात जायची भाषा करू लागले. आमचा मुकादम हॅझलेट कमी बोलणारा माणूस, तोही बोलला.

"लेफ, शनिवारी सकाळी फुगलेला पाव दिसला नाही तर मागच्यांकडून आचारी आणतो. तू गुरांमागे धूळ खायची."

साठीच्या माणसाला ही शिक्षाच. लेफने मला विचारलं, "शनिवारला दिवस किती?"

"तीन."

"बास झाले."

पिठाची पोती वरून भिजून कडक झाली होती, आत पीठ कोरडं. लेफने सुरीने एप्रनवरचा त्याच आंबट पिठाचा वाळका थर खरवडला, टिनच्या डब्यात कोमट पाणी नि पीठ घालून त्यात कालवला.

"अर्धाच खरवडलास?" मी विचारलं.

"पुढे अजून नद्या आहेत."

तीन दिवस तो डबा सदऱ्याआड पोटाशी धरून त्याने खेचरं हाकली. दर मुक्कामाला मूठभर पीठ, डबाभर लक्ष. दुसऱ्या दिवशी वरचं पीठ तसंच निपचित. मी मनात नवा आचारी धरूनच चाललो होतो. शुक्रवारी संध्याकाळी त्याने डबा माझ्या नाकाशी धरला. आंबूस वास आला, वर बुडबुडे.

शनिवारी भांड्याचं झाकण उघडलं तर पाव झाकणाला टेकलेले. हॅझलेटने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला हात घातला.

"मागच्यांना निरोप धाडायचाय ना?" लेफने विचारलं.

"कसला निरोप?" हॅझलेट म्हणाला.

डोल्फने त्या दिवशी अकरा खाल्ले.

आठवड्याने वाशिटा नदी लागली. पाणी चढलेलंच. लेफ एप्रन डोक्याला गुंडाळायला लागला, तेवढ्यात डोल्फ घोडा जवळ घेऊन आला. आमच्यातला सगळ्यात पट्टीचा पोहणारा तो.

"दे इकडे," तो म्हणाला.

"वास येतो त्याला."

"दे म्हणतो ना."

त्याने टोपी काढली, एप्रन नीट डोक्याला बांधला आणि घोडा पाण्यात घातला. काठावर आम्ही दहा जण होतो. हसलं कोणी नाही.