मीटर मेल्रॉयच्या नावावर

 टेबलावरचा स्टॅम्पपेपर पंख्याच्या वाऱ्याने एका कोपऱ्यातून उचलला जाई आणि पुन्हा टेके. मग ऑड्रेने त्यावर मिठाची बरणी ठेवली आणि तेवढीही हालचाल थांबली. आल्बर्टचं बोट शेवटून दुसऱ्या ओळीवर होतं. जाळी ओढून वाकडं झालेलं, नखाखाली कायमचं काळवंडलेलं ते बोट पुढे सरकत नव्हतं, मागेही येत नव्हतं. क्रिस्टल त्याच्याकडे पाहत उभी होती. दाराबाहेर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगलेले होते आणि दुपारचं ऊन त्यांच्यातून गळून ओटीवर पडत होतं.

त्या ओळीत नवं काहीच नव्हतं. चौक गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. ‘माझा मुलगा मेल्रॉय हा घरगुती वादामुळे राहतं घर सोडून निघून गेला असून आजतागायत परतलेला नाही, हे मी परमेश्वराला स्मरून लिहून देतो.’

“बाकी सगल्यावर सही करतो,” आल्बर्ट शेवटी म्हणाला. “हे न्हाय.”

“यात खोटं काय हाय, पप्पा? पोलिसांत आपण हेच सांगितलंय.”

“पोलिसांत देवाचं नाव नव्हतं घातलं.”

एवढं बोलून सासऱ्याने कागद तिच्याकडे सरकवला. ऑड्रेने सुनेला डोळ्यांनीच खुणावलं, आणि नंतर चुलीपाशी हळूच सांगितलं की बापाचं काळीज आहे, पोरगा गेला असं देवापुढे कसं बोलेल. अजून वाट बघतो तो. मग तिला राहवलं नाही. भांडण केलं नसतंस त्या रात्री, तर हा कागद करायची पाळीच आली नसती, असंही ती म्हणाली.  चार वर्षांत हे वाक्य क्रिस्टलने इतक्यांदा गिळलं होतं की आता त्याला चवही उरली नव्हती.

मेल्रॉय गेला तेव्हा त्यांची मुलगी सिया चार वर्षांची होती. आदल्या रात्री नवरा-बायकोत वाजलं होतं, हे खरं. होडी सोड, वॉरेनसारखं कोरड्या जागेचं काम बघ, असं क्रिस्टल म्हणाली होती. वॉरेन हा धाकटा दीर. भाईंदर पूर्वेला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. मेल्रॉय न जेवता बाहेर पडला, होडीवरच झोपतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होडी परत आली आणि आल्बर्टने ओटीवर बसून सांगितलं की पोरगा होडीवर आलाच नाही. वाट बघितली आणि दोन खलाशांना घेऊन आपण निघालो. ते खलाशी डहाणूकडचे. आठवड्याभरात हिशेब करून गेले, ते पुन्हा या गावात दिसले नाहीत. पुढल्या हंगामाआधी आल्बर्टने होडीही विकली. बायकोच्या तोंडाला कंटाळून पळाला, हे गावाने एकमताने ठरवलं. शाळेत मुली सियाला विचारत, तुझा बाप कुठल्या गावाला दुसरं घर करून राहतो गं?

सही हवी होती ती विजेच्या मीटरसाठी. उत्तनच्या सुट्टीच्या बंगल्यांवर चादरी धुऊन क्रिस्टलचे मणके बोलायला लागले होते. तिला बॅटरीची रिक्षा घ्यायची होती. चौक गावातून शाळेची मुलं न्यायची, मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायका न्यायच्या. मीरा रोडला हाटकेशच्या शोरूममधला उत्तम नावाचा विक्रेता बोलका होता. एक सबसिडी केंद्राची, एक राज्याची, आणि मालक बाई असली की आणखी सूट, असं त्याने बोटांवर मोजत सांगितलं होतं. “पण एकतीस तारीख, ताई. त्याच्यानंतर स्कीम राहील का, कुणालाच माहीत नाय. फिर मेरे पास मत आना रोते रोते.” शिवाय घरी चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेतलं तर त्याला विजेचा दर कमी. त्या मीटरचा कागद दाखवल्याशिवाय कर्ज देणारा फाईल उघडत नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं. गावात चार्जिंगची सोय नव्हती. रोज मीरा रोडपर्यंत जाऊन यायचं तर भरलेली अर्धी वीज घाट चढण्यातच सरली असती.

घराचं जुनं मीटर मेल्रॉयच्या नावावर होतं. लग्नाच्या वर्षी त्याने हौसेने घरात नवी वायर फिरवून घेतली होती, तेव्हाच ते नावावर केलं. दर महिन्याला त्याच्या नावाने बिल येई, जणू या घरात अजूनही तोच दिवे लावत आणि मालवत होता. दुसरं मीटर द्यायचं तर पहिल्या मीटरच्या मालकाची सही हवी. तो नसेल तर घर ज्याच्या नावावर आहे त्याचं प्रतिज्ञापत्र. घर आल्बर्टचं. एका सहीचं काम.

सासरा अडला म्हणून ती विजेच्या कार्यालयात पुन्हा गेली. तिथल्या अंबिका मॅडमनी कागद खालीवर केला आणि दुसरी वाट दाखवली. नवरा मच्छीमार सोसायटीचा सभासद होता ना? मग अमुक तारखेपासून तो समुद्रावर गेलेला नाही, बेपत्ता आहे, असं सोसायटीचं पत्र आणा. साहेबांना विचारून बघते.

सोसायटीत मंदा होती. ती क्रिस्टलहून दहा वर्षांनी मोठी, आणि कारकुनी करता करता सगळ्या गावाची नणंद झालेली. आता आठवण आली होय सोसायटीची, असा टोमणा मारून तिने जुन्या वह्या काढल्या. पत्रात शेवटची फेरी लिहावी लागेल म्हणून ती पानं उलटू लागली. होडी निघताना धक्क्यावर माणसं मोजून नावं लिहायची आणि होडी आली की प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण करायची, ही तिथली रीत.

मेल्रॉयचं नाव बेपत्ता होण्याच्या दोन महिने आधीच थांबलं होतं.

“असं कसं?” क्रिस्टल म्हणाली. “तो तर रोज जायचा.”

मंदाला त्याचं काहीच वाटलं नाही. त्याचं मच्छीमाराचं ओळखकार्ड हरवलं होतं, ती म्हणाली. कार्ड नसेल तर होडीवर नाव लागत नाही, आणि नवं कार्ड यायला महिने जातात. तोवर घरातल्या दुसऱ्याचं कार्ड दाखवायचं. भावाच्या नावावर भाऊ जातो, काकाच्या नावावर पुतण्या. सगळं गाव करतं. धक्क्यावर डोकी मोजतात, तोंडं कोण बघतं? तिने बोट खाली नेलं. वॉरेन, वॉरेन, वॉरेन. दोन महिने मेल्रॉय धाकट्या भावाचं नाव पांघरून समुद्रावर जात होता.

क्रिस्टलने वही आपल्याकडे ओढली. ती तारीख तिला शोधावी लागली नाही.

आल्बर्टची होडी. निघाली पहाटे. माणसं चार. आल्बर्ट, दोन खलाशी, वॉरेन. खाली परतीच्या रकान्यात तीन बरोबरच्या खुणा होत्या. चौथ्या नावापुढची जागा रिकामी.

त्या दिवशी वॉरेन भाईंदर पूर्वेच्या एका दवाखान्यात होता. आदल्या दिवशी त्याचं अपेंडिक्स काढलं होतं आणि ऑड्रे त्याच्या उशाशी बसून होती. म्हणून तर त्या रात्री घरात भांडण मिटवायला ना ऑड्रे होती ना वॉरेन. कागदावर वॉरेन समुद्रातून परत आला नव्हता. पण आठवड्याभरात वॉरेन टाके सांभाळत भाईंदरच्या बाजारातून चालत होता, सगळ्यांना दिसत होता. मग रिकाम्या जागेबद्दल कोण कुणाला विचारणार? खूण करायची राहिली असेल. मंदानेही आता तेच म्हटलं, राहिली असेल गं. म्हणता म्हणता तिची नजर क्रिस्टलच्या चेहऱ्यावर गेली आणि तिने वही मिटली. पत्राचं तिने पुढे काही काढलं नाही.

रस्त्यावर येऊन क्रिस्टल एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. चार वर्षं ती एका जिवंत माणसावर रागावली होती. कुठल्या शहरात तो कुणाबरोबर जेवत असेल, कुठल्या परक्या लेकराला खांद्यावर घेत असेल, याची चित्रं तिने रोज रंगवली होती आणि रोज पुसली होती. तो सगळा वेळ तो पाण्यात होता. तिला सोडून गेला नव्हता. सकाळ होताच बापाच्या होडीवर, रोजच्या कामाला गेला होता. आणि तिचा राग त्याच्यापर्यंत पोचण्याआधी त्याच्यावरून कितीतरी भरत्या गेल्या होत्या. त्याच्यासाठी चर्चमध्ये एक मिस्सा नाही, एक मेणबत्ती नाही, कबरस्तानात नावाचा एक दगड नाही. पळून गेलेल्या माणसाला कुणी पुरत नाही.

आल्बर्टने का केलं, तेही तिला हळूहळू उमगलं. खोट्या नावाने नेलेला माणूस बुडाला म्हटलं की होडीचा परवाना जाणार, पोलीस बापालाच धरणार. पहिल्या दिवशी त्याला वाटलं असेल, प्रेत वर येईल, तेव्हा बघू. ते आलं नाही. मग गावाने एक गोष्ट रचली, आणि ती सोयीची होती. तिची किंमत फक्त सुनेला मोजावी लागणार होती.

महिन्याचा तिसावा दिवस. क्रिस्टलने नोटरीकडून प्रतिज्ञापत्र नव्याने टाइप करून घेतलं, शेवटून दुसरी ओळ सोडून. सासरा घराबाहेर वलांडीपाशी बोंबील उलटे करत होता. ती त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्याने नेहमीसारखी जागा करून दिली, तिला वाटलं मदतीला आली.

“पप्पा, मी सोसायटीत गेलेली,” ती म्हणाली. “वही बघितली.”

त्याचे हात चालत राहिले. एक बोंबील, दुसरा, तिसरा. मग ते मंदावले.

“मला भांडायचं न्हाय. पोलिसांत कुणी जाणार न्हाय, होडी पण आता तुमची न्हाय. मी फक्त ही एक ओळ कोरी ठेवलीय. तुम्ही सांगाल ते मी लिहिते, मग तुम्ही सही करा. उद्या शेवटचा दिवस हाय रिक्षाचा. रिक्षा गेली तर गेली, मी चादरी धुईन. पण सिया रोज शाळेतून विचारत येते, आणि मी तिला खोटं सांगते. मला माहीत नव्हतं मी खोटं सांगते.”

आल्बर्टने तिच्याकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं असेल. त्याचे ओठ हलले, आणि क्षणभर तिला वाटलं की आता तो बोलेल. त्या थकलेल्या चेहऱ्यात कुठेतरी ते वाक्य तयार होतं, फक्त त्याला बाहेर यायला दार नव्हतं. घरातून ऑड्रेने कुणाला तरी हाक मारली. तो चेहरा पुन्हा मिटला.

“पहाटे धक्क्यावरून चार माणसं निघाली,” क्रिस्टल म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “वॉरेन दवाखान्यात होता. होडीत चवथा कोण होता, पप्पा?”

आल्बर्टने हात लुंगीला पुसले. कागद तिच्या हातातच होता, त्याला त्याने स्पर्शही केला नाही. मग तो वळला आणि वलांड्यांच्या रांगेमधून, एकदाही मागे न बघता, समुद्राच्या बाजूला चालत गेला.