मापाचा फ्रॉक

मित्रांनो, शिंप्याच्या गळ्यात उभं आयुष्य काढलेली मी एक जुनी मापाची टेप आहे. माझे आकडे पुसट झाले आहेत आणि टोकाची पितळी पट्टी कधीच गळून पडली आहे.

एके काळी मी माझ्या मालकाच्या गळ्यातला ताईत होते. मापात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. गिऱ्हाइकांशी तो गोड बोले. घरात मात्र तोंडाला कुलूप. त्याला एक मुलगी होती. तिला त्याने कधी जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. फक्त नवा फ्रॉक शिवायचा असला की तो मला तिच्या छातीभोवती गुंडाळी आणि म्हणे, "हलू नकोस." ती श्वाससुद्धा रोखून धरी. तेवढीच तिची मिठी.

मग फ्रॉक वारंवार काखेत उसवू लागले. "बाबा, घट्ट होतोय. माप घ्या ना!" दोनदा त्याने घेतलं. तिसऱ्यांदा शिवण उजेडात धरली. "हा धागा तुटलेला नाही, कापलाय," तो म्हणाला. त्या दिवसापासून तिचा एक जुना फ्रॉक खुंटीला लागला. पुढे तो त्या फ्रॉकचं माप घेई आणि वाढत्या अंगासाठी अंदाजाने दोन इंच जास्त धरी. तिला हात म्हणून लावला नाही. मी गळ्यात लोंबकळत सारं पाहिलं.

आज ती चाळिशीची आहे, दुकान तीच चालवते. कोणी जरा प्रेमाने बोललं की तिचे डोळे भरून येतात, आणि मग तिला स्वतःचाच राग येतो. ती ज्यांच्याकडे जाते त्या समुपदेशक बाईंनी तिला सांगितलं, "वडिलांकडून आता काही मिळेल, या आशेवर राहू नका." तरी गेल्या आठवड्यात वडिलांच्या सदऱ्याचं माप घेताना तिने विचारलंच.

"बाबा, मी फ्रॉक का उसवायचे, कळलं होतं तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? लाडावली असतीस." मग हात पसरूनच म्हणाला, "छातीला सैल ठेव."

तिने आकडा लिहून घेतला. तो गेल्यावर खुंटीवर अजून लटकत असलेला तो जुना फ्रॉक काढला, मांडीवर घेतला आणि हमसून हमसून रडली. मग आरशासमोर उभं राहून मला स्वतःच्या छातीभोवती घेतलं. शिवायचं काहीच नव्हतं. "हलू नकोस, बाळा," ती म्हणाली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. आता ती हे रोज करते. थोडं बरं वाटतं म्हणते. थोडंच.

मित्रांनो, टेपची घडी घालू नका, घडीवरचे आकडे आधी पुसले जातात. आणि घरातलं लेकरू पुन्हा पुन्हा माप घ्यायला सांगत असेल, तर शिवण तपासत बसू नका. माझी लांबी साठ इंच आहे, त्या पोरीला पुरून उरले असते. पण मला धरणारे हात माझे नव्हते.