शेषरावांना खो कोण देणार

भिलाईच्या कॅम्प नंबर दोनमधल्या मैदानावर वैनगंगा संघाचा खो-खो चालायचा. त्या संघाच्या पाचव्या चौकोनात शेषराव हटवार एकदा बसले की उठत नसत.

उठत नसत, कारण त्यांना कोणी उठवतच नसे. खो-खोत बसलेल्या गड्याला मागून पाठीवर हात मारून, मोठ्याने 'खो' म्हणून उठवावं लागतं. शेषरावांच्या पाठीवर हात मारणार कोण? संघ दुर्गला रेल्वेच्या मैदानावर होता तेव्हापासून ते खेळत होते. खांबावरून असे वळायचे की पाहणाऱ्याची मान दुखावी. संघातल्या अर्ध्या पोरांना त्यांनीच पळायला शिकवलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यांच्या बापांना. गुडघा गेला तेव्हा त्यांना हार घातला, नारळ दिला, आणि संघाचे अध्यक्ष भय्याजी भाषणात म्हणाले, "पाचवा चौकोन शेषरावांचा होता आणि शेषरावांचाच राहील." भाषणात माणूस असं बोलतोच. शेषराव हसले, हात जोडले आणि घरी गेले.

दोन वर्षं ते मैदानाकडे फिरकले नाहीत. मग दिवाळीच्या आधी त्यांची बायको हिरा तापाने गेली. तेरवी झाल्यावरच्या रविवारी शेषराव जुनी हाफपँट घालून आले, आणि कोणाशी न बोलता पाचव्या चौकोनात जाऊन उकिडवे बसले.

"काकाजी, खेळता का काय?" पोरांनी विचारलं.

"भय्याजीनं देल्ला नं हा चौकोन मले," शेषराव म्हणाले.

खरी गोष्ट वेगळी होती, पण ती सांगण्यासारखी नव्हती. मैदानाच्या कडेला डांबराचं एक रिकामं पिंप उलटं पडलेलं होतं. रस्ता बांधणारे ते विसरून गेले होते. शेषराव खेळत असताना हिरा त्या पिंपावर बसायची. दुर्गला सासू होती, तिथे बायांनी मैदानावर जायची सोय नव्हती. इथे बोलणारं कोणी नव्हतं. ती कपाळावर आडवा हात धरून बसायची, आणि शेषरावांना खो मिळाला की ओरडायची, "उठा नं जी! खो भेटला तुमाले!" दरवेळी उशिरा ओरडायची. तोवर शेषराव अर्धं मैदान पळून गेलेले असायचे. सगळे हसायचे, तीही हसायची, आणि पुढच्या खेपेला पुन्हा उशिराच ओरडायची.

खो-खोत एक गडी इकडे तोंड करून बसतो, तर शेजारचा तिकडे. पाचव्या चौकोनाचं तोंड बरोबर पिंपाकडे होतं. उभं राहून पाहिलं तर ते नुसतं पिंप होतं. पण पाचव्यात उकिडवं बसून पाहिलं की त्यावरून कोणी आत्ताच उठून गेलंय असं वाटायचं. शेषरावांना तेवढंच हवं होतं.

संघाला मात्र त्याने घाम फुटला. आठ चौकोनांपैकी एकात बसलेला माणूस उठत नाही, म्हणजे तिथे भिंतीला भगदाडच पडलं. पोलादाच्या प्लांटातला एक रशियन साहेब त्यांचा फोटो काढून गेला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की सामन्याआधी आमच्याकडे हे दैवत बसवतात.

शेवटी भय्याजींच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात बैठक झाली. बाबुलाल हा संघाचा कॅप्टन, प्लांटात वेल्डर, तोंडाने तिखट. तोच आधी बोलला.

"भय्याजी, इज्जत अपनी जगह है. काकाजी मोठे खेळाडू होते, आमी नाई कुठी म्हनतो? पन इज्जत देता देता आमी हारून राहिलो."

"अबे, ज्या मैदानावर तू पळतं, त्याच्यावरचा रोलर त्या मानसानं ओढला आहे," भय्याजी म्हणाले.

"रोलर बैलानंबी ओढला जी. त्याले काऊन नाई बसवत सातव्या चौकोनात?"

यावर बराच गोंधळ झाला. कोणी म्हणालं, जुन्या खेळाडूंचा मान नाही ठेवला तर उद्या आपला कोण ठेवील. कोणी म्हणालं, मान घरी ठेवावा, मैदानावर पाय ठेवावा. चहा संपला, तेव्हा असं ठरलं की शेषरावांना खो द्यायचा, पण अदबीने द्यायचा. आधी पाया पडायचं, मग खो.

दुसऱ्या दिवशी सरावात तसं करून पाहिलं. पोरगं मागून धावत आलं, वळसा घालून पुढे गेलं, वाकलं, पाया पडलं. शेषरावांनी डोक्यावर हात ठेवून विचारलं, "घरी सगळे बरे आहेत नं?" पोरगं उत्तर देऊन पुन्हा मागे जाईपर्यंत पळणारा दोन्ही खांबांना फेरी मारून पाणी प्यायला गेला होता.

मग पाया पडणं काढून टाकलं, आणि पाठीला बोट लावून 'खो जी' म्हणायचं ठरलं. पंच होते रेल्वेतले गार्ड पंजाबराव. त्यांनी लगेच शिट्टी फुंकली.

"नियमात 'खो' आहे. 'खो जी' नाही."

"पंजाबराव, मोठ्या मानसाले नुसतं खो कसं म्हनावं?" भय्याजी म्हणाले.

"मग त्याले खोबी देऊ नका. चिठ्ठी पाठवा."

रोलिंग मिलच्या संघाशी सामना झाला तेव्हा आणखीच भलतं घडलं. त्यांचा एक गडी पळता पळता शेषरावांसमोर आला, आणि लहानपणापासून नाव ऐकलं होतं म्हणून चटकन वाकला. बाबुलालने त्याला वाकलेलाच धरला. रोलिंग मिलवाल्यांनी तक्रार केली की वैनगंगा संघ मानाचा फायदा घेतो. पंजाबरावांनी नियमाचं पुस्तक चाळलं, आणि पळताना वाकू नये असं कुठे लिहिलेलं नाही म्हणून गडी बाद दिला. त्यानंतर त्यांची पोरं शेषरावांसमोरून जाताना तोंड फिरवून पळू लागली. त्यातलं एक खांबावर आदळलं. सामना तरीही वैनगंगा हरली.

त्या संध्याकाळी बाबुलाल शेषरावांच्या घरी गेला. शेषराव स्टोव्हवर भात टाकून बसले होते. कुकर नव्हता, झाकणावर वरवंटा ठेवला होता.

"काकाजी, सीधी बात करतो. तुमाले मान पायजे नं? आमी सामन्याआधी हार घालू, खुर्ची टाकू, पहिल्या रांगेत. बॅनरवर नाव लिहू."

"मले मान नाई पायजे."

"मग काय पायजे?"

"पाचवा चौकोन."

"तो तर खेळनाऱ्याचा असते जी!"

"मंग मी काय करून राहिलो? तुमी खो देत नाई, त्याले मी काय करू?"

बाबुलालने उतू जाणाऱ्या भाताखालचा स्टोव्ह बारीक केला. "काकी होती तेव्हा तुमी असे नव्हते," म्हणाला, आणि मग जीभ चावली. शेषरावांनी वरवंटा उचलला, भात पाहिला, वरवंटा पुन्हा ठेवला.

"रविवारी दुर्गवाले येऊन राहिले," ते म्हणाले. "सुखरामवर ध्यान ठेव. डावीकडे हूल देते तो."

रविवारी पहिली शिफ्ट सुटली तशी अर्धी कॉलनी मैदानावर लोटली. गयाबाईने नेहमीसारखी पिंपाजवळ फुटाण्यांची टोपली मांडली. पिंपावर कोणी बसायला गेलं की शेषराव पाचव्या चौकोनातून डोळे वटारत, म्हणून ते रिकामंच राहिलं.

दुर्गचा सुखराम हुशार निघाला. त्याने आल्या आल्या भगदाड हेरलं. बाबुलाल त्याच्यामागे लागला की तो सरळ शेषरावांच्या पुढ्यात येऊन उभा राही. बाबुलाल शेषरावांच्या पाठीशी, सुखराम शेषरावांच्या तोंडाशी. मधली रेषा ओलांडता येत नाही. बाबुलाल खांबाकडे धावला की सुखराम आरामात पलीकडे सरके, आणि दम खाऊन परत तिथेच येई.

तिसऱ्या वेळी तर त्याने कमरेवर हात ठेवले.

"नमस्कार काकाजी. गुडघा कसा आहे?"

"बरा आहे. बाजूले हो बाबू."

"काऊन जी?"

"मले दिसत नाई."

"काय दिसत नाई? मागे तर पिंप आहे नुसता!" सुखराम मागे वळून पाहत म्हणाला, आणि लोक हसले.

शेषरावांनी मान एका बाजूला काढून पाहिलं, दुसऱ्या बाजूला काढून पाहिलं. सुखराम रुंद होता.

तेवढ्यात त्यांच्या पाठीत दणका बसला. एवढा मोठा, की त्यांचे दोन्ही हात जमिनीला टेकले.

"खो!" बाबुलाल बोंबलला. जी नाही, काकाजी नाही.

भय्याजी खुर्चीवरून उभे राहिले. आणि शेषरावही उठले होते. पाठीवर थाप पडली की पाय आपोआप उठतात, पायांना वय कळत नाही. सुखराम हात जोडावेत की पळावं या विचारात होता, तेवढ्यात त्याच्या छातीला शेषरावांचा हात लागला.

शिट्टी झाली. सुखराम बाद.

लोकांनी एकच कल्ला केला. पण डाव चालूच होता, दुसरा गडी पळत होता. शेषराव तीन ढांगा पळाले आणि गुडघ्याने हात टेकले. जवळ सहाव्या चौकोनातल्या पोराची पाठ होती. त्यांनी तिच्यावर थाप मारली, "खो!" पोरगं उठून पळालं. नियम असा की ज्याला खो दिला त्याच्याच जागेवर बसायचं. शेषराव सहाव्यात बसले. त्यांच्या पाचव्यात बाबुलाल बसला होता.

सहाव्याचं तोंड उलट्या बाजूला. पिंप पाठीमागे गेलं. शेषरावांनी मान वळवली.

"तोंड तिकडे!" पंजाबराव ओरडले.

शेषरावांनी तोंड तिकडे केलं, आणि डोळ्यांत सूर्य घुसला. हिवाळ्यातला मावळतीचा सूर्य, सरळ समोर. गडी नाही, खांब नाही, नुसता पांढरा उजेड. त्यांनी कपाळावर आडवा हात धरला. आणि तो हात तसाच राहिला.

आयुष्यात ते शेकडो वेळा असे तोंड करून बसले होते. पण बसलेला गडी कान देऊन असतो, डोळ्यांशी त्याचं काम नसतं. आणि पिंपावर बसून मैदानाकडे पाहणाऱ्याचं तोंडही याच बाजूला असतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

डाव संपला. पुढच्या डावाला बसायची वेळ आली तेव्हा बाबुलाल मान खाली घालून आला. "काकाजी, जोरात लागलं का? या, तुमची जागा..."

"तू बस तिथी," शेषराव म्हणाले, आणि लंगडत मैदानाबाहेर गेले. पिंपावर बसले. कपाळावर हात धरला. काही म्हणजे काही दिसेना.

"गयाबाई," त्यांनी विचारलं, "हिरा इथूनच पाहे नं?"

फुटाणेवाली गयाबाई हसायला लागली. "वोला कहाँ दिखय! मोला पूछय, उठिस का? मैं कहंव, हाँ, उठ गे. तब चिल्लाय."

म्हणजे तिला काही दिसतच नव्हतं. ती गयाबाईला विचारायची, उठले का? गयाबाई हो म्हणाली की ओरडायची. तीन हंगाम, दर रविवारी, तिने त्यांचा खेळ पाहिलाच नव्हता. नुसती येऊन बसायची.

"मंग सांगितलं काऊन नाई तिनं?" शेषराव म्हणाले. पण ते गयाबाईला विचारलेलं नव्हतं. त्यांना हसू यायला लागलं, आणि ते थांबेना, शेवटी धोतर नसल्यामुळे बनियनच्या कडेने डोळे पुसावे लागले.

मैदानावर कोणाला तरी खो मिळाला. पावलांचा आवाज झाला.

"गयाबाई," शेषराव म्हणाले, "पाचव्यातला उठला का?"

गयाबाईने फुटाण्यांची पुडी बांधली, गिऱ्हाइकाला दिली, मग मान वर करून पाहिलं.

"उठ गे."

"ऊठ बे बाबुलाल!" शेषराव सगळ्या ताकदीनिशी ओरडले. "खो भेटला तुले!"

बाबुलाल तोवर पलीकडच्या खांबाला वळसा घालत होता. सगळे हसले.