उसन्या कानांचा माणूस

भाऊजींनी चोरी केली ती साधीसुधी नव्हे. एखादं भांडं, एखादा दागिना नेला असता तर कवळीवालीने चार शिव्या हासडून विषय संपवला असता. त्यांनी तिची मतं नेली.

कवळीवाली म्हणजे दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवणारी बाई. दिवसभर मेणात दात रोवायचे, नकली हिरड्या घासून गुळगुळीत करायच्या. पण जीव सगळा तबकड्यांत आणि सिनेमात. आणि मतं तर काय विचारता! ती म्हणे, सिनेमात पहिल्या दहा मिनिटांत कोणी आरशात बघून रडलं की उठून घरी यावं. गायकाची परीक्षा करायची तर तबकडीच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ऐकावं, तिथे तो दमलेला असतो, नखरे करायला ताकद उरलेली नसते. चित्रात आधी हात बघावेत, हात खिशात नाहीतर पाठीमागे लपवणारा चित्रकार भित्रा.

दर रविवारी सकाळी थोरली बहीण ताई आणि तिचे यजमान, हे भाऊजी, चहाला यायचे. ही बडबडायची, भाऊजी मान डोलवायचे. ते कुठल्याशा पेपरात सदर लिहितात हे तिला माहीत होतं, पण दुसऱ्याची मतं वाचली की आपले कान बिघडतात म्हणून ती असलं काही वाचतच नसे. ही तिची घमेंड, आणि तीच नडली. एकदा कामाच्या टेबलावर पसरलेला जुना पेपर तिने मेण खरवडता खरवडता वाचला. वर भाऊजींचा हसरा फोटो आणि खाली भित्रा चित्रकार, शब्दन् शब्द तिचा! मग तिने वाचनालयात जाऊन जवळजवळ दोन वर्षांचे अंक काढले. एकही रविवार वाया गेला नव्हता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या रविवारी तिने चहाच दिला नाही, सरळ विचारलं, "भाऊजी, हे काय आहे?"

भाऊजी मनापासून हसले. "अगं, घरातल्या गप्पा त्या! तू कवळ्या करतेस. तुझं नाव छापलं तर वाचणार कोण?"

"जाऊ दे ना गं," ताई म्हणाली, "आपलंच माणूस आहे."

आपलंच माणूस! कवळीवाली मनात म्हणाली, थांबा भाऊजी, तुमचं नाक भर सभेत कापलं नाही तर बघा.

संधी आपल्या पायांनी चालत आली. भाऊजींच्या शंभराव्या लेखानिमित्त वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. कोणी न ऐकलेली एक तबकडी ते लोकांना ऐकवणार आणि तिच्यावर बोलणार. "काहीतरी दुर्मीळ दे ना," असं म्हणत ते निर्लज्जपणे तिच्याच दारात उभे!

तिने कबूल केली, रविवारी न्या म्हणाली. तीही आपली सगळ्यात लाडकी. एका बाईने आयुष्यात एकदाच काढलेली तबकडी, खिदळत, धावत म्हटलेली गाणी. वीस वर्षं ती ऐकून कवळीवालीचा दिवस उजाडत होता. गंमत अशी की एवढ्या मोठ्या तबकड्या बहुतेक मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांच्या वेगाने फिरतात, ही मात्र पंचेचाळीसची. मधला कागद कधीच निघाला होता, त्यामुळे वेग कुठे लिहिलेला नव्हता. तेहेतीसवर लावली की बाईचा आवाज खाली उतरून थेट वयस्कर पुरुषासारखा व्हायचा. ज्याला कान आहेत त्याला काहीतरी चुकतंय हे कळलं असतं. भाऊजींना कान कुठले!

पण खोटं मत द्यायचं तर तेही पक्कं हवं, कच्चं काम तिला जमत नसे. म्हणून आठवडाभर ती तबकडी मुद्दाम हळू लावून ऐकत राहिली. चौथ्या दिवशी हातातला दात हातातच राहिला. दोन शब्दांमध्ये एक लांब श्वास होता, तो तिने वीस वर्षांत ऐकला नव्हता. "चल, खुळे," असं स्वतःला दटावून ती कामाला लागली.

रविवारी तिने भाऊजींना तबकडी तेहेतीसवरच ऐकवली आणि त्यांच्या हाती देत म्हणाली, "हा माणूस गात नाहीये, भाऊजी. उठून निघालेल्या कोणाला तरी तो थांब म्हणतोय. आणि ते थांबणार नाही हे त्याला ठाऊक आहे."

भाऊजींनी मान डोलवली. लागला गळ!

कार्यक्रमाच्या दिवशी तबकड्या विकणाऱ्या म्हाताऱ्याला तिने पहिल्या रांगेत आणून बसवलं. ही तबकडी त्यानेच तिला विकली होती, आणि तो तोंड मिटून बसणाऱ्यातला नव्हता.

दुपारी सभागृह खच्चून भरलं. ताई ठेवणीतले कपडे घालून आली होती. भाऊजींनी तबकडी लावली, डोळे मिटले आणि थांब म्हणणाऱ्या माणसाचं ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. मागे कोणीतरी नाक पुसलं. तेवढ्यात म्हातारा उठला. "अहो साहेब, कसला माणूस? बाई आहे ती!" असं ओरडत त्याने पुढे होऊन वेगाचं बटण दाबलं. आवाज टुणकन वर उडाला, बाई खिदळायला लागली आणि तिच्याबरोबर अख्खं सभागृह. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं.

"मला काय विचारता!" ते घाम पुसत म्हणाले, "मत माझं नाहीच. सगळी मतं हिची असतात. हे वाक्यही हिचंच!"

तो पेपर वाचल्यापासून ती ज्याच्यासाठी तडफडत होती ते असं सगळ्यांसमोर तिच्या पदरात पडलं. माना तिच्याकडे वळल्या. म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, तुम्ही बोलला होतात हे?"

कवळीवाली उभी राहिली. गाणं अजून धावत होतं. तिने कान दिला, आणि त्यात काहीच नव्हतं. नुसता टणत्कार. खरं गाणं मघाचं होतं, आणि त्यावर सुचलं तसं वाक्य तिला जन्मात सुचलं नव्हतं. हो म्हणावं तर भाऊजी सुटत होते. ताई तिच्याकडे हात जोडल्यासारखी बघत होती.

"छे!" ती म्हणाली. "कान असलेलं माणूस असं बोलेल का?"

सभागृहात हशा पिकला, टाळ्या पडल्या. भाऊजी खुर्चीत मटकन बसले. ताई उठून निघून गेली, मागे वळून पाहिलंही नाही. म्हाताऱ्याने कवळीवालीला शाबासकी दिली. तिला मात्र ती तबकडी कोणीतरी परत हळू लावावी असं वाटत होतं, आणि ते आता कोणाला सांगायची सोय राहिली नव्हती.