दिसेल ते बोला

काकूंना बस लागायची, मोटार लागायची, लिफ्टसुद्धा लागायची. एकदा तर उभ्या गाडीत, ड्रायव्हर चहाला गेलेला असताना, त्यांना उलटी झाली होती. घरातल्या प्रत्येकाने ही गोष्ट पाहुण्यांना निदान दोनदा तरी ऐकवली होती. अशा बाईला लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला मुलाने आणि सुनेने भेट काय द्यावी, तर चार दिवसांची क्रूझ. तिकिटांचं पाकीट हातात आलं तेव्हाच काकूंच्या पोटात ढवळलं होतं, पण सुनेचा चेहरा इतका फुलला होता की नको म्हणवेना.

म्हणून मंगळवारी दुपारी अडीच वाजता त्या औषधाच्या दुकानात उभ्या होत्या. काकूंची सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे गेलेली. छापलेलं काहीही पूर्ण वाचल्याशिवाय पुढे सरकवायचं नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. काउंटरमागच्या औषधवाल्या मुलीला ते ठाऊक होतं. तिने तीन पाकिटं पुढ्यात मांडली आणि शांतपणे हाताची घडी घातली.

"ही सगळ्यात जुनी गोळी," ती म्हणाली. "काम चोख करते, पण झोप फार येते. ही दुसरी दिवसातून एकदाच घ्यायची, जहाज सुटायच्या तासभर आधी. हिच्याने झोप कमी येते. आणि ह्या आल्याच्या, चघळायच्या. त्यांनी कुणाचं वाईट झालेलं मी तरी पाहिलं नाही."

"आणि चांगलं?"

"तेही फारसं नाही," मुलगी हसून म्हणाली.

काकूंनी दुसऱ्या पाकिटातला घडी केलेला कागद उघडला आणि चष्मा खाली सरकवून वाचायला सुरुवात केली. मागे खोकल्याच्या औषधासाठी आलेले एक गृहस्थ रांग सोडून निघून गेले. "काचबिंदू असल्यास घेऊ नये. लघवीला अडथळा होत असल्यास घेऊ नये. यंत्र किंवा वाहन चालवू नये," काकूंनी मोठ्याने वाचलं. "मग घ्यायची कुणी? धडधाकट माणसाला कशाला गोळी लागतेय?"

"तुम्हाला यातलं काही आहे का?"

"मला फक्त उलटी आहे. हीच दे. आणि आमच्या ह्यांच्यासाठीही एक पाकीट टाक. त्यांना काही होत नाही, आणि झालं तरी ते कबूल करायचे नाहीत. माझ्या पर्समध्ये असलेलं बरं."

काकूंच्या ह्यांना सगळं गाव सर म्हणायचं. सरांची ड्रायव्हिंग स्कूल होती, आणि निम्म्या गावाला गाडी त्यांनीच शिकवली होती. अलीकडे तर त्यांच्या एका खास पद्धतीचा भलताच बोलबाला झाला होता. शिकणाऱ्याने गाडी चालवताना रस्त्यावर जे जे दिसेल ते मोठ्याने बोलत राहायचं. डावीकडे सायकल, पुढे ट्रक, उजवीकडून कुत्रा. बोलणं थांबलं की सर चिडत. "दिसेल ते बोला" असं त्यांनी स्कूलच्या पाटीवरच रंगवून घेतलं होतं. या पद्धतीवर वर्तमानपत्रात चौकट छापून आली, तेव्हा काकूंनी ती कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती.

"मोबाईल नंबर सांगा, बिलाला लागतो," मुलगी म्हणाली. काकूंनी सरांचा नंबर सांगितला. मुलीने तो संगणकावर टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि सरांसाठी काढलेलं पाकीट हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

"काकू, काकांना ही नाही चालणार. त्यांचे काचबिंदूचे थेंब चालू आहेत ना."

"कुणाचे?"

"काकांचे. दोन बाटल्या, दर महिन्याला. आमच्याकडूनच नेतात. अशा डोळ्यांना ही गोळी देताना डॉक्टरांना विचारावं लागतं."

काकू ठामपणे म्हणाल्या, "नाव चुकलंय तुझं. ह्यांना चष्मासुद्धा फक्त वाचायला लागतो."

मुलीने पडदा वळवला. सरांचं पूर्ण नाव, नंबर, आणि खाली तारखांची लांबलचक यादी. काकूंनी सवयीप्रमाणे ती वरपासून खालपर्यंत वाचली. सव्वीस महिने. एकही महिना चुकलेला नव्हता. वाढदिवस, बँकेचं काम, गॅसचा नंबर यातलं काहीही लक्षात न ठेवणाऱ्या माणसाने सव्वीस महिने न चुकता थेंब नेले होते.  काकूंनी काउंटरची कड घट्ट धरली.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मुलीचा चेहरा उतरला. "मी बोलायला नको होतं. सॉरी, काकू. खरंच सॉरी."

"तुझी काय चूक," काकू म्हणाल्या. आपला आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. "मला एक सांग. यात माणसाला दिसतं ना?"

मुलगी सावधपणे म्हणाली, "समोरचं बराच काळ नीट दिसतं. आधी कडेचं जातं. किती गेलंय ते डॉक्टरच सांगू शकतील."

काकू आपलं एक पाकीट घेऊन बाहेर आल्या. फुटपाथवर चार पावलं टाकल्यावर त्यांना आठवलं की आज पाच वाजता सुनेचा गाडीचा पहिला दिवस आहे. सून सात महिन्यांची गरोदर होती. बाळ झालं की वेळ मिळणार नाही, आत्ताच शिकून घेते, असा तिने हट्ट धरला होता. माझ्याइतकं जपून तुला कोण शिकवणार, असं सर स्वतः म्हणाले होते. पोटाला पट्टा कसा लावायचा तेसुद्धा त्यांनी दाखवून ठेवलं होतं.

काकू घरी गेल्याच नाहीत. तडक ड्रायव्हिंग स्कूल गाठली. दारात स्कूलची गाडी निघायच्या बेतात होती. स्टिअरिंगवर शिकायला आलेला सलूनवाला बसला होता, शेजारी सर. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तशी ती गाडी होती.

"गोळ्या मिळाल्या का?" सरांनी खिडकीतून विचारलं.

"माझ्या मिळाल्या," काकू म्हणाल्या. "तुम्हाला देत नाही म्हणाली ती."

 सरांचा चेहरा हलला नाही, फक्त मान हळूहळू पुढे वळली आणि ते काचेतून समोर बघत राहिले. एवढं पुरेसं होतं. औषधवालीची नजरचूक झाली असेल, संगणकात कुणा भलत्याचं नाव चढलं असेल, ही जी चिमूटभर आशा काकूंनी वाटभर सांभाळून आणली होती, ती तिथेच संपली.

"मी मागे बसते," त्या म्हणाल्या.

"अगं, तुला लागेल."

"लागू दे."

आठ वर्षांत त्या या गाडीत बसल्या नव्हत्या. मागच्या सीटवर बसून दार लावतानाच त्यांना मळमळायला लागलं. पण आज पोटाकडे लक्ष द्यायला त्यांना फुरसत नव्हती. त्या नवऱ्याच्या मानेकडे बघत होत्या.

सलूनवाल्याला बोलायचा कंटाळा कधी नव्हताच. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोक्यावर त्याची बडबड चालायची, तीच आता रस्त्यावर सुरू झाली. "डावीकडे स्कूटर लावलेली. पुढे पाण्याचा टँकर. उजवीकडे शाळेचं फाटक, बंद आहे. डावीकडून एक आजोबा, हातात छत्री, थांबलेत." सर प्रत्येक वाक्याला हुंकार भरत होते. मध्येच म्हणत, "आजोबांचं काय झालं?" सलूनवाला म्हणे, "गेले मागे." मग सर पुन्हा हुंकार भरत.

काकूंनी बाहेर पाहिलं. आजोबा खिडकीला लागूनच उभे होते, हात बाहेर काढला असता तर छत्रीला लागला असता. ते सरांच्याच बाजूला होते. तरी सरांनी विचारलं होतं.

तेव्हा त्यांना कळलं. पूर्वी सर काय सांगायचे ते त्यांना आठवलं. पंचवीस वर्षं ते शिकणाऱ्यांना दटावत आले होते, की गाडीत तोंड बंद आणि नजर रस्त्यावर. त्यांच्या गाडीत रेडिओ लावायचीसुद्धा सोय नव्हती. मग दोन वर्षांपूर्वी एकाएकी ही बोलायची पद्धत निघाली, आणि सगळ्यांनी वा वा केलं. काकूंनीही केलं. ही पद्धत शिकणाऱ्यांसाठी नव्हतीच. दिवसाला आठ माणसं पैसे देऊन सरांना रस्ता सांगत होती.

पुढे मोठा चौक आला. सलूनवाल्याला चौकाची धास्ती होती. गिअर बदलू की क्लच दाबू या घोळात तो पहिल्यांदाच गप्प झाला. दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेतलेली एक बाई फुटपाथवरून उतरली आणि गाडीकडे न बघता चालू लागली. सलूनवाल्याची नजर गिअरवर होती. सर सरळ समोर बघत होते.

"बोला, बोला," ते म्हणाले.

"डावीकडे बाई आहे," काकू म्हणाल्या. पोस्टाच्या खिडकीतून पुढच्या माणसाला बोलवायच्या त्याच आवाजात.

सरांचा पाय ब्रेकवर आदळला. गाडी गचकन थांबली. बाईने पिशव्या छातीशी घेतल्या, गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि रस्ता ओलांडून गेली. हे सगळं झाल्यावर सरांनी मान डावीकडे वळवली, आपण कशासाठी थांबलो ते बघायला. तिथे कुणीच उरलं नव्हतं. तरी ते बराच वेळ शोधत राहिले.

काकू दार उघडून उतरल्या आणि फुटपाथच्या कडेला बसून ओकल्या. सलूनवाला पाण्याची बाटली घेऊन धावला आणि स्वतःलाच दोष देत राहिला. माझ्यामुळे गचका बसला, मॅडम, माझं चुकलं. काकूंनी त्याचा हात थोपटला. त्याला खरं सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. गाडी तिथेच कडेला लावायला लावून त्यांनी किल्ली मागून घेतली, आणि दोघं नवराबायको चालत स्कूलमध्ये परतली. वाटेत सर एका सायकलच्या हँडलला धडकले. काकू पुढे बघत चालत राहिल्या. त्यांचा संताप अजून इतका ताजा होता की हात पुढे झाला नाही.

ऑफिसात पंखा लावून दोघं समोरासमोर बसली.

"दोन वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही," सर म्हणाले.

"आजची बाई मेली असती."

"क्रूझवरून आलो की बंद करणार होतो. देवाशपथ. समुद्र अजून दिसतोय तोवर तुझ्याबरोबर बघून घ्यावा म्हटलं."

"हे मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती."

"मग मी काय केलं असतं?" सरांनी हात टेबलावर उताणे ठेवले. "मला दुसरं येतं काय?"

काकूंना रडू फुटलं. राग होता, भीती होती, आणि या माणसाची इतकी दया येत होती की ती त्यांना सहन होईना. पस्तीस वर्षं एका ताटात जेवलो, आणि याचा कडेचा उजेड गेला ते मला एका दुकानातल्या मुलीने सांगावं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि घड्याळ पाहिलं. चार वाजून गेले होते.

"सुनेला फोन लावा."

सरांनी लावला. फोन टेबलावर होता, आवाज मोठा केलेला. "अगं," सर म्हणाले, "गाडीचा क्लच गेलाय. आजचं राहू दे."

"असू दे की, बाबा. उद्या बसू. मी शूजसुद्धा काढून ठेवलेत," सून म्हणाली.

"बरं," म्हणून सरांनी फोन ठेवला.

 फोन उचलून काकूंनी तो पुन्हा नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला आणि किल्ली धरलेली मूठ मांडीवर घट्ट मिटून बसल्या.  मग सरांनी नंबर लावला.

"क्लच ठीक आहे," ते म्हणाले. "मला दिसत नाही, बाळ."

पलीकडे सून खळखळून हसली. "ही नवीन परीक्षा का, बाबा? गाडीत बसायच्या आधीच? थांबा, देते. समोर खिडकी. खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, निळा. खाली गेट, उघडं. उजवीकडून दूधवाला येतोय, सायकलवर, एक हात सोडून. डावीकडे शेजारच्यांची मांजर, भिंतीवर. भिंतीच्या मागे..."

सर ऐकत होते. थांब म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्यातून शब्द आला नाही. आला तो एक वेडावाकडा आवाज, जो काकूंनी लग्नापासून कधीच ऐकला नव्हता. सुनेनेही तो ऐकला असावा, कारण ती बोलायची थांबली.

"बाबा?" ती म्हणाली. आणि मग, "आई आहेत का तिथे?"